धायटीवरचा खोपा

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला कशाची किळस येणार, असं लोकांना वाटतं. त्यांचं अगदीच चुकत नाही. सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. पू, रक्त, उलटी, सडलेला पाय यांच्यापुढे मी कधी नाकाला पदर लावला नाही. आजारी माणसाची घाण काढणं हे काम होतं आणि कामाची मला कधी शिसारी आली नाही. मला शिसारी येते ती धडधाकट माणसांची. रिटायर झाल्यापासून ती जरा जास्तच येते, कारण आता मी दिवसभर त्यांच्यातच असते.

आमचं गाव शहापूरपासून रिक्षाने पाव तासावर. एका छपराखाली दोन चुली. एक माझी आणि ह्यांची, दुसरी धाकट्या दिराची. माझे दोन्ही मुलगे नोकरीच्या पाठीमागे कल्याणच्या पलीकडे गेले, सणाला येतात. घराच्या मागचं परस मात्र दोन्ही चुलींचं एकच. दोन्ही मोऱ्यांचं पाणी तिथेच जातं. मासळी धुतलेलं पाणी तिथेच फेकतात, कोंबडी कापली की पिसं आणि आतडी तिथेच, तंबाखूच्या पुड्या तिथेच, आणि उभ्याउभ्या पिचकारी मारायलाही तीच जागा. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्या परसात पाय ठेवला आणि चप्पल धुऊन घरात आले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना हसत हसत सांगितलं.

या परसात मी बाग करायची ठरवली, आणि तीही शिंजिरासाठी. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. बारीक, वाकडी चोच फुलात घालतो आणि मध पितो. नर उन्हात आला की डोक्यावर हिरवा, गळ्यावर जांभळा, पोटाला पिवळाधमक. मादी साधी, करडी, पोटाला फिकी पिवळी. मुरबाडला नोकरीत असताना माझ्या क्वार्टरच्या खिडकीबाहेर जास्वंद होती आणि ड्यूटीवरून येऊन चहा घेताना मी त्यांच्याकडे बघत बसायची. आयुष्यभर मी जे लावलं ते खायला लावलं, देवाला लावलं नाहीतर औषधाला लावलं. ज्याचा कशालाच उपयोग नाही असं काहीतरी एकदा आपल्या दारात यावं, घर करावं, अशी माझी इच्छा होती. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, त्यापेक्षा वांगी लाव.

साथ दिली ती दिराच्या मुलीने. ती वाशिंदला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सकाळी डबा घेऊन निघते, दिवेलागणीला येते. तिलाही माझ्यासारखी पटकन किळस येते. बाहेरचा पेला दोनदा धुतल्याशिवाय पाणी पीत नाही, कुणी मचमच करत जेवायला लागलं की ताट घेऊन लांब जाऊन बसते. तिची आई, म्हणजे माझी जाऊ, म्हणते, ही तुमचीच लागण आहे. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करते.

सुरुवात फार ओंगळ झाली. थोरल्या मुलाने मोबाईलवरून एक लाल प्लॅस्टिकचं भांडं मागवून पाठवलं. त्याला पिवळी प्लॅस्टिकची फुलं. त्यात साखरेचं पाणी भरायचं आणि टांगायचं, पक्षी आपोआप येतात म्हणे. मी टांगलं. आधी आले मुंगळे, त्यांची रांग खांबावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात. मग गांधीलमाश्या. मग पाण्यावर बुरशीची साय धरली, आत माश्या फुगून तरंगायला लागल्या आणि गुत्त्यावर येतो तसा आंबूस वास सुटला. ते भांडं धुताना मला जेवढं ढवळलं तेवढं शस्त्रक्रियेच्या खोलीत कधी ढवळलं नव्हतं. दीर ओटीवर बसून बघत होते. म्हणाले, वैनी, नुसतं सरबत काय देता, चा-खारी पन ठेवा. नंतर कळलं की ते भांडं परदेशातल्या कुठल्यातरी पाखरासाठी असतं, ते हवेत उभं राहून पितं. आपला शिंजीर बसून पिणारा. त्याला फांदी लागते, खरं फूल लागतं. भांडं मी कचऱ्यात टाकलं, आणि तिथूनही जावेने उचलून त्यात कांदे ठेवले.

मग हायवेवरच्या नर्सरीतून रोपं आणली. नर्सरीवाल्याने डबल जास्वंदी गळ्यात मारल्या. एकेका फुलाला पाकळ्यांची गच्च गादी. पक्षी रांग लावतील म्हणाला. शिंजिराने त्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या गादीत चोच घालायची कुठून आणि आत मध कुठे शोधायचा? आले ते पिठ्या ढेकूण. देठादेठावर पांढऱ्या कापसासारखा थर, बोट लावलं की चिकट रस. मी जुन्या चिंध्या साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक देठ पुसत बसायची आणि जाऊ कुणालातरी सांगायची की ताई झाडांना आंघोळ घालतात.

शेवटी माहेराहून, मुरबाडच्या बाजूच्या आमच्या गावातून, साध्या एकेरी जास्वंदीच्या काड्या आणल्या आणि मोरीपासून लांब लावल्या. पावसात त्यांनी जीव धरला. दिवाळीनंतर पहिलं फूल आलं आणि दुसऱ्याच सकाळी त्यावर शिंजीर आला. मी हातातली भाजी तशीच ठेवून दारात उभी राहिले. पण हे सुख फार टिकलं नाही. गावात ज्यांच्या घरी देव आहेत ते सगळे उजाडायच्या आत काठी आणि पिशवी घेऊन माझ्या परसात यायला लागले. फुलं तर फुलं, कळ्यासुद्धा. एक गृहस्थ कळ्या नेऊन ओल्या फडक्यात ठेवायचे, म्हणजे पूजेच्या वेळेला उमलतात. मी त्यांना विचारलं की पक्ष्यांना काय ठेवलंत. ते म्हणाले, फुलं देवाचीच असतात. दात न घासलेल्या तोंडाने, दुसऱ्याच्या कुंपणात शिरून, चोरलेल्या फुलांवर ते मला देव शिकवत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं असतं तर पुढचे सणवार त्यांच्याकडचे बंद झाले असते, म्हणून ह्यांनी मला आत ओढलं.

मग एका रविवारी पुतणी परसात कपडे धुवत होती. तिने मला हाक मारली आणि बोटाने टोकाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे जुनी धायटी होती. रानातलं झुडूप, कुणी लावलेलं नाही, आपोआप आलेलं. तिच्या मागे करवंदीची दाट जाळी आणि पुढे दोन्ही घरांच्या कचऱ्याचा ढीग. त्या कोपऱ्यात मी जन्मात गेले नव्हते. हिवाळा संपत आला होता आणि धायटीच्या वाकलेल्या फांद्या बुडापासून शेंड्यापर्यंत लालभडक बारीक फुलांनी भरल्या होत्या. त्यांच्यावर एक नाही, चार-पाच शिंजीर. पुतणी म्हणाली, तुमी एवढं लावता तिथं येत नाय, घानीत येतो बघा. मी तिला म्हणाले, मग घाण काढू.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघींनी नाकाला फडकी बांधून तो ढीग उपसला. काय नव्हतं त्यात. कोंबडीची कुजलेली डोकी, पाहुण्यांच्या बाळाची वापरून टाकलेली लंगोटं, फुटक्या बाटल्या, तंबाखूच्या पुड्यांचा थरावर थर, पिशवीत बांधून टाकलेलं शिळं कालवण. पिशवी फुटली तेव्हा पुतणी जाऊन ओकून आली आणि परत कामाला लागली. इतकी गुणी पोर मी पाहिलेली नाही. गोण्या भरून बाहेर काढल्या, जमीन धुतली आणि दिराला सांगितलं की यापुढे या कोपऱ्यात काही टाकायचं नाही. दीर मनाने वाईट नाहीत. हो म्हणाले आणि बऱ्यापैकी पाळलंही.

यंदा धायटी फुलली आणि माझी इच्छा पुरी झाली. शिंजिराच्या मादीने तिच्यावर खोपा बांधायला घेतला, करवंदीच्या बाजूला झुकलेल्या एका फांदीला टांगून. ती जाळी काट्यांची, तिथे मांजरही जात नाही. मादी एकटीच बांधायची. नर नुसता सोबत यायचा, शेजारी बसून चिवचिवायचा आणि फुलं चाखायचा. पुतणी म्हणाली, अगदी आपल्या घरासारखं. खोपा बांधायला मादीला लागतात कोळ्याची जाळी. ती चक्क माझ्या पडवीत यायची, वाशांखालची जळमटं चोचीत गोळा करून न्यायची. मी पडवीवर केरसुणी फिरवायची बंद केली. जी मी दर शनिवारी छप्पर झाडते, जिच्या घरी जळमट पाहून कुणी बोट ठेवेल अशी सोय नाही, तिच्या पडवीत जाळी लोंबायला लागली. जाऊ आल्या-गेल्याला आमची पडवी दाखवायची.

खोपा तयार झाला तेव्हा मी जवळून पाहिला. लांबट पिशवीसारखा, वर एका बाजूला दार, दारावर छोटी वळचण. बाहेरून सालीचे तुकडे, सुकलेल्या पाकळ्या, कोळ्याच्या अंड्यांच्या पुड्या आणि काळे बारीक दाणे चिकटवलेले. ते दाणे म्हणजे अळ्यांची विष्ठा. लांबून बघणाऱ्याला वाटावं वाऱ्याने आणलेला कचरा फांदीला अडकलाय, यासाठी हे सगळं. मी विष्ठेने सजवलेल्या त्या घरासमोर उभी होते आणि मला जराही किळस येत नव्हती. पुतणीला हे सांगितलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली. मग तिचा रोज जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. जेवलात का वगैरे काही नाही, थेट विचारायची, काय केलं आज तिनं. अंडी दोन होती. काही दिवसांनी आतून सुईच्या टोकाएवढे आवाज यायला लागले.

याच सुमाराला मुरबाडचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर, घरची भातशेती, एकुलता एक. याआधी पुतणीला दोघं बघून गेले होते आणि दोघांनीही कळवतो म्हणून कळवलं नव्हतं. गावात बोललं जायला लागलं होतं. जावेने धसका घेतला होता, तिचं जेवण उडालं होतं. पुतणीला काय वाटतं हे कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, माणसं बघते, मग सांगते. मला ते रास्त वाटलं. रविवारी येतो असा निरोप आला आणि ओटीवर ऊन येतं म्हणून पाहुण्यांना परसात आंब्याखाली बसवायचं ठरलं. खुर्च्या मांडायच्या त्या धायटीच्या समोरच.

शनिवारी मी शहापूरला बाजारात गेले, पाहुण्यांसाठी फरसाण, फळं आणि मुलीसाठी बांगड्या आणायला. परत आले तर परस ओळखू येईना. करवंदीची जाळी बुडापासून गायब. दिराने आणि त्यांच्या दोन मित्रांनी सकाळपासून कोयता चालवला होता. आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची ती जागा पावसाच्या आधी भाजून घेतात. तोडलेल्या फांद्यांचा टाहाळ, पाला, शेण पसरायचं आणि पेटवायचं, त्याला राब म्हणतात. फाल्गुन लागला की इथल्या पुरुषाला कुठलंही झुडूप राबाच्या टाहाळासारखं दिसतं. दिरांनी एका कामात दोन कामं केली होती. पाहुण्यांसाठी परस साफ आणि राबासाठी चार भारे तयार. घामाने थबथबलेले होते आणि खूश होते.

"धायटीला हात नाय लावला, वैनी," म्हणाले. "सांगितलं व्हतं ना तुमी. आता कसं मोकलं दिसतंय तुमचं पाखरू."

खरंच मोकळं दिसत होतं. उजाड जमिनीत एकटी धायटी आणि तिच्या टोकाला उन्हात लोंबणारा खोपा. गावाच्या वेशीवरून दिसला असता. शब्द पाळल्याच्या आनंदात असलेल्या माणसावर ओरडायचं तरी कसं. पण मला त्यांच्या त्या आनंदाचीच शिसारी आली. डोळे आहेत, हात आहेत, वचनही पाळतात, आणि समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मी आत गेले, जुनी साडी काढली, दोन काठ्या रोवल्या आणि धायटीच्या उघड्या बाजूला पडदा बांधला. पुतणी कामावरून आली तशी डबा न ठेवता मदतीला आली. मादी थोडा वेळ लांब बसून होती, मग पडद्याच्या आडून आत गेली. आम्ही दोघी हुश्श म्हणून पायरीवर बसलो.

रविवारी दुपारी पाहुणे जीपमधून उतरले त्याच्या जरा आधी जावेने तो पडदा सोडून नेला. माणसांसमोर फाटकं लुगडं कशाला, म्हणाली. मी तेव्हा ताटं पुसत होते. बाहेर आले तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसलेले होते आणि पडदा जावेच्या काखेत होता.

मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. पहिल्या पाच मिनिटांत माझं मत झालं. मामाने बसता बसता आंब्याच्या बुंध्याशी पिचकारी टाकली. आई हात धुवायच्या निमित्ताने मोरीत डोकावून आली, माठावरचं झाकण उचलून पाहिलं आणि तेच हात पदराला पुसले. वडील पायाचं बोट कुरतडत होते. मुलगा मोबाईलमध्ये होता. दिसायला बरा होता, कपडे स्वच्छ होते, एवढं त्याच्या बाजूने सांगते. जाऊ त्यांच्या प्रत्येक शब्दाला हसत होती. ते हसू मला बघवत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बांबूच्या बेटातून हूप हूप हूप असा घुमलेला आवाज आला आणि साफ केलेल्या जमिनीवरून तो चालत आला. भारद्वाज. कावळ्याहून मोठा, काळा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. आमच्याकडची जुनी माणसं त्याला कुकुडकोंबा म्हणतात. तो दिसला की काम होतं, अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. प्रवासाला निघताना दिसला तर माणसं गाडी थांबवतात. मामा पहिले उभे राहिले. मग सगळेच उठले. मुलाची आई म्हणाली, पोरगी अजून बाहेर आली नाय तोवर शकुन आला. दिराने हात जोडले, ह्यांनी जोडले, मुलाच्या वडिलांनी बोट कुरतडायचं थांबवून जोडले.

भारद्वाज कुणाला भ्यायला तयार नव्हता. तो सरळ धायटीकडे गेला. तो काय खातो हे मला ठाऊक होतं. सरडे खातो, गोगलगाई खातो, दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लं खातो. मी पुढे झाले. जावेने माझं मनगट धरलं. चिमटाच तो. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, हाकलू नका. माज्या पोरीचं नशीब आलंय दारात." तिचे डोळे भरलेले होते. दोन वर्षं ती बाई नीट झोपली नव्हती. तिने माझा तो हात माझ्याच दुसऱ्या हातावर नेला आणि दोन्ही मिळून आपल्या दोन्ही हातांत दाबून धरले, जसे लहान मुलाचे देवासमोर धरतात.

भारद्वाज फांदीवर चढला आणि त्याच्या वजनाने ती जमिनीला टेकली. शिंजिराची जोडी त्याच्या डोक्यावर येऊन आपटत होती, ओरडत होती, अंगठ्याएवढी पाखरं ती. त्याने खोप्यात डोकं घातलं, वळचण फाडली आणि एक पिल्लू बाहेर ओढलं. ते गुलाबी होतं, उघडंनागडं, त्याचा एक पाय हलत होता. त्याने ते दोनदा फांदीवर आपटलं आणि गिळलं. मामा म्हणाले, भक्ष्य घेतलं, म्हणजे अजूनच चांगलं. मुलगा मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होता. आपल्या आईला म्हणाला, बघ, काय क्लियर येतंय. आणि बाकी कुणीही हात खाली घेतले नाहीत. मी दवाखान्यात माणसं मरताना पाहिली आहेत, पण इतक्या प्रसन्न चेहऱ्यांनी मरण बघणारी माणसं पाहिली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात पुतणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही. भारद्वाज उडाला. ती आली, खाली मान घालून सगळ्यांना चहा दिला, विचारलं त्याची उत्तरं दिली. मुलाच्या आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, पायगुणाची आहे.

ते गेल्यावर मी धायटीपाशी गेले. दुसरं पिल्लू खाली पडलेलं होतं आणि मुंगळ्यांनी त्याचे डोळे आधीच गाठले होते. मी ते मातीत पुरलं. फाटका खोपा तसाच लोंबत होता. मादी चोचीत कोळी धरून आली, रिकाम्या दाराशी बसली, कोळी तसाच घेऊन उडाली आणि परत आली.

त्याच संध्याकाळी मुरबाडहून फोन आला. पसंत आहे, असा शकुन झाल्यावर आता वेळ नको, तारीख काढा. जावेने ओटीवर बसकण मारली आणि रडली. दीर पेढे आणायला चप्पल शोधत होते. तेव्हा पुतणी म्हणाली, "माझं नाय आहे."

घरात जे व्हायचं ते झालं. दिराने आवाज चढवला, जावेने कपाळ बडवून घेतलं. कारण विचारलं तर पोरगी बोलेना. मग सगळ्यांना कारण सापडलं, आणि ते मी होते. पाखराच्या पायी हातातलं स्थळ घालवलं, काकीने बिघडवली, हिने तिला किळस शिकवली, आता हिच्यासारखीच सगळ्यांना नाकं मुरडत बसेल. आमचे हेसुद्धा म्हणाले की तू तिला समजाव. खरं सांगायचं तर मला आतून अभिमान वाटत होता. या अख्ख्या घरात एक माणूस माझ्यासारखं निघालं, असं वाटत होतं.

सगळं शांत झाल्यावर मी तांब्याभांडं घेऊन तिच्याकडे गेले. ती पडवीत खाली बसली होती, अंगावर अजून तीच नवी साडी, तोंड रडून सुजलेलं. मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, बरं केलंस बाळा, ती माणसं तुझ्या लायकीची नव्हती, मेलेलं पिल्लू बघून हात जोडणारी. आणि पाणी पुढे केलं.

ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

"तुमीपन जोडलं होतंत, काकी," ती म्हणाली. "मी दारातून बघितलं."

मी सांगणार होते की ते तुझ्या आईने धरले होते. सांगायला तोंड उघडलं. पण जाऊ ती केवढी, काडीसारखी बाई. मी दवाखान्यात झटके येणाऱ्या पुरुषांना खाटेवर दाबून धरलेलं आहे. हे पुतणीला ठाऊक होतं, मीच कितीदा रंगवून सांगितलं होतं.

मी तांब्या तसाच धरून बसले. तिने तो घेतला नाही. ती उठली, आत गेली, माठाजवळचा पेला घेतला, दोनदा धुतला आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायली.